इन्सुलिनमागचे भांडण

तरुण वैद्यकीय संशोधकांच्या स्वास्थ्याचा विषय निघाला, की आम्हांला इन्सुलिनच्या शोधातले एक भांडण आठवते. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये बँटिंग आणि २२ वर्षांचा बेस्ट कुत्र्यांवर मधुमेहाचे प्रयोग करीत होते, तेही बिनपगारी. सप्टेंबरात विभागप्रमुख मॅक्लाउड परतले, तेव्हा बँटिंगने पगार, काम करायला खोली, कुत्र्यांची देखभाल करणारा पोऱ्या आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतील जमिनीची डागडुजी मागितली. नाहीतर मी चाललो! (वर्गात आपण हा भाग सहसा गाळतो.) मागण्या साध्याच, पण त्यांवाचून फसलेला प्रयोग पुन्हा मांडण्याचे बळ कोठून आणायचे? खडाजंगीनंतर त्या मान्य झाल्या. जानेवारी १९२२ मध्ये किशोरवयीन लेनर्ड थॉम्पसनला स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. श्रेयाचा प्रश्न मात्र उरलाच. १९२३ च्या नोबेलमध्ये बेस्टचे नाव नव्हते. बँटिंगने आपल्या वाट्याची निम्मी रक्कम त्याला दिली.