गोळी ताणते किती? उत्तर पाऱ्यावर अवलंबून

चंद्रपूर, प्रतिनिधी – हिवाळा सुरू झाला की तालुका व जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शनांची लगबग सुरू होते. ज्वालामुखी, पवनचक्की, जलशुद्धीकरण यांच्या प्रतिकृती टेबलांवर मांडल्या जातात. त्या देखण्या असतात. पण विद्यार्थ्याने स्वतः काही मोजले, असे त्यांत क्वचितच आढळते. किराणा दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळणाऱ्या जेलीच्या गोळीवर मात्र खरेखुरे मोजमाप करता येते. त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागत नाही. त्यामुळे चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील आश्रमशाळेलाही हा प्रकल्प आवाक्यातला आहे.

विषय आहे स्थितिस्थापकतेचा. ताणलेली वस्तू ताण काढताच मूळ लांबीवर येण्याचा गुणधर्म म्हणजे स्थितिस्थापकता. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने 1676 मध्ये यासंबंधीचा नियम अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात प्रसिद्ध केला आणि 1678 मध्ये त्याची उकल जाहीर केली. नियम सोपा आहे. एका मर्यादेपर्यंत, जितका भार तितकी वाढ. भार दुप्पट तर वाढही दुप्पट. मर्यादा ओलांडली की वस्तू मूळ आकारात परत येत नाही.

प्रयोग कसा करावा?

लांबट जेलीच्या गोळीवर पेनाने दोन खुणा कराव्यात. गोळीचे वरचे टोक कपड्याच्या चिमट्याने पकडून टांगावे. खालच्या चिमट्याला दोऱ्याने कागदी पेला बांधावा. वजने नसली तरी अडत नाही. एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान जवळपास एक ग्रॅम असते. त्यामुळे सुई नसलेल्या नव्या सिरिंजने दर वेळी दहा मिलिलिटर पाणी पेल्यात सोडले की दहा ग्रॅम भार वाढतो. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून दोन खुणांमधील अंतर पट्टीने मोजावे. नंतर त्याच टप्प्यांनी पाणी काढत पुन्हा मोजावे. एकाच गोळीवर विसंबू नये; किमान तीन गोळ्या तपासून सरासरी काढावी. प्रयोगातील गोळ्या अर्थातच खाऊ नयेत.

भार आणि वाढ यांचा आलेख काढला की सुरुवातीचा भाग बहुधा सरळ रेषेजवळ जातो आणि पुढे वाकतो. हीच कसोटी मऊ टॉफीला लावली, तर ती भार न वाढवताही हळूहळू लांबत राहते आणि भार काढल्यावर तशीच राहते. जेलीत जिलेटिन किंवा पेक्टिनच्या लांब साखळ्यांचे जाळे असते. ते तिला मागे खेचते. टॉफीत असे मजबूत जाळे नसते. ती घन दिसत असली तरी अतिशय दाट द्रवाप्रमाणे वाहते.

पाऱ्याचा खेळ

खरी गंमत पुढे आहे. चंद्रपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. उन्हामुळेच विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात. थंडीत कडक असलेली टॉफी उन्हाळ्यात कागदाला चिकटते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तेव्हा जानेवारीतील आणि एप्रिलमधील आकडे जुळले नाहीत, तर विद्यार्थ्याने ते खोडून 'बरोबर' उत्तर लिहिण्याची गरज नाही. तो फरक हाच प्रकल्पाचा निष्कर्ष ठरू शकतो. मात्र त्यासाठी प्रत्येक नोंदीशेजारी तारीख, वेळ व तापमान लिहिलेले असले पाहिजे.

तुलनेसाठी रबर बँड घ्यावा. भार लावून ताणलेला रबर बँड तापवला, तर तो लांबत नाही, उलट किंचित आखडतो. उष्णतेने त्यातील साखळ्यांची हालचाल वाढते आणि त्या अधिक जोराने मागे ओढतात. एकाच उन्हात टॉफी सैल पडते आणि रबर आखडते, हे मुलांनी स्वतः मोजून पाहण्याजोगे आहे.

गोळीकडून बांबूकडे

या दोन जिल्ह्यांत हा विषय गोळीपाशी थांबण्याचे कारण नाही. येथील जंगल बांबूसाठी प्रसिद्ध आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. बांबूची कांब टेबलाच्या कडेला घट्ट बांधून मोकळ्या टोकाला पाण्याची बाटली टांगावी. बाटलीतील पाणी वाढवत टोक किती खाली झुकते, ते मोजावे. पद्धत तीच, फक्त ताणाऐवजी वाक मोजायचा.

बांबूकाम करणारे कारागीर कांब विस्तवावर शेकून वाकवतात आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवतात. उष्णतेने बांबूतील लिग्निन मऊ पडते व थंड होताच पुन्हा कडक होते. टॉफीच्या मऊ पडण्या-कडक होण्याशी याचे जवळचे नाते आहे. पिढ्यान् पिढ्या हाताला ठाऊक असलेले हे ज्ञान विद्यार्थ्याच्या वहीत आकड्यांनी उतरू शकते.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने 1993 पासून स्थानिक प्रश्नांवरील प्रकल्पांना उत्तेजन दिले. 'इन्स्पायर अवॉर्ड – मानक' योजनेत विद्यार्थ्यांच्या निवडक कल्पनांना दहा हजार रुपयांचे साहाय्य मिळते. अशा व्यासपीठांवर परीक्षकांनी प्रतिकृतीच्या रंगरंगोटीआधी नोंदवही मागितली, तर आडगावच्या शाळेतील मुलाची गोळी आणि शहरातून विकत आणलेला ज्वालामुखी यांची स्पर्धा बरोबरीची होईल.