डिजॉक्सिनचे मुखावाटे शोषण : मात्रा आणि उपलब्धता

वनस्पतिज हृदयौषधांत डिजिटॅलिस वर्गाचे स्थान जुने आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीविषयीचा आपला ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध केला आणि अतिमात्रेने होणाऱ्या विषबाधेचीही त्यात नोंद केली. पुढे १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी डिजिटॅलिस लनाटा या जातीच्या पानांतून डिजॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. पानांतील औषधांश कमीअधिक असतो, ही अडचण त्यामुळे दूर झाली. परंतु मात्रेचा प्रश्न मिटला नाही. तो पानातून निघून गोळीत शिरला, एवढेच.

येथे दोन क्रियांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. गोळीतील औषध जठरात व आतड्यात विरघळणे हे विद्रवण होय. विरघळलेले औषध आतड्याच्या भित्तीतून पार जाणे हे शोषण होय. घेतलेल्या मात्रेचा जो अंश अखेर रक्ताभिसरणात पोचतो, त्याच्या प्रमाणास जैव उपलब्धता म्हणतात.

शोषण मुख्यत्वे रेणूच्या रचनेवर अवलंबून असते. डिजिटॉक्सिन हे मेदस्नेही द्रव्य जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. डिजॉक्सिनमध्ये त्याहून एकच हायड्रॉक्सिल गट अधिक असतो, तेवढ्याने शोषण घटते. असे अनेक गट असलेले वाबेन तोंडाने घेतल्यास फारच थोडे शोषले जाते. म्हणून ते शिरेतून देत असत. डिजॉक्सिनला मिथिल गट जोडून शोषण वाढविण्याचा उपाय याच विचारातून निघाला.

विद्रवण मात्र गोळीच्या घडणीवर अवलंबून असते. डिजॉक्सिन पाण्यात अत्यल्प विरघळत असल्याने त्याची पूड किती बारीक आहे, यावर पुष्कळ काही ठरते. लिंडेनबॉम व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, सारखीच मात्रा असलेल्या निरनिराळ्या गोळ्यांनी रक्तातील पातळीत सातपटीपर्यंत फरक पडू शकतो. त्यानंतर गोळ्यांच्या विद्रवणाची चाचणी आवश्यक ठरली. गोळीची उपलब्धता सामान्यतः ६० ते ८० टक्के असते. औषध आधीच द्रवात विरघळवून मऊ कॅप्सूलमध्ये भरल्यास ती ९० टक्क्यांच्या वर जाते.

जलद विद्रवणाचा आणखी एक लाभ आहे. सुमारे दहांतील एका व्यक्तीच्या आतड्यातील एगर्थेला लेंटा हा जिवाणू डिजॉक्सिनचा बराच भाग निष्क्रिय करतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळीतील औषध खालच्या आतड्यापर्यंत जाऊन या जिवाणूच्या तावडीत सापडते. लवकर विरघळलेले औषध वरच्या वरच शोषले जाते. अशा व्यक्तीस प्रतिजैविक दिल्यास मात्र रक्तातील पातळी एकदम चढू शकते.

यावरून शोषण जितके अधिक तितके औषध चांगले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हृदयक्षीणतेत रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमागे ०·५ ते ०·९ नॅनोग्रॅम ही पातळी आज इष्ट मानतात. २ नॅनोग्रॅमच्या पुढे विषबाधेचा धोका बराच वाढतो. इस्राएलमध्ये १९७५ साली एका उत्पादकाने विद्रवण सुधारण्यासाठी गोळीची घडण बदलली, पण डॉक्टरांना कळविले नाही. नव्या गोळीची उपलब्धता जुनीच्या दुप्पट होती. रुग्ण नेहमीचीच मात्रा घेत राहिले आणि वर्षअखेरच्या महिन्यांत विषबाधेच्या घटना एकाएकी वाढल्या. गोळी सुधारली होती; तिच्यावर छापलेला आकडा तेवढा तोच राहिला होता.

तात्पर्य, ज्या औषधात गुण आणि विष यांमधील अंतर एवढे थोडे आहे, तेथे शोषण वाढविण्यापेक्षा ते प्रत्येक गोळीत सारखे राखणे अधिक महत्त्वाचे आहे. उपलब्धता वाढली, की त्या मानाने मात्रा कमी केलीच पाहिजे. ‘मात्रा’ हा शब्द वेष्टनावरील आकड्यासाठी रूढ असला, तरी हृदयाच्या दृष्टीने रक्तात पोचते तीच खरी मात्रा होय.