टेम्सकाठचे बंदर आणि साताऱ्याचा दावा

लंडन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राजवाडा, पार्लमेंट किंवा लॉर्ड्सचे मैदान उभे राहते. हे शहर मुळात एक बंदर आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सातारा आणि सांगलीच्या इतिहासाशी मात्र लंडनचा जो संबंध आला, तो या बंदरामुळेच. पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये न्याय मागण्यासाठी तेथे पोहोचले, तेव्हा त्यांना दाद मागावी लागली ती व्यापाऱ्यांनी स्थापन केलेल्या एका कंपनीच्या दारात.

भरती-ओहोटीवर वाढलेले शहर

इसवी सन ५० च्या सुमारास रोमन लोकांनी टेम्स नदीच्या काठी 'लोंडिनियम' वसविले. समुद्र येथून दूर आहे. परंतु भरतीचे पाणी शहर ओलांडून पलीकडे जाते. भरतीबरोबर जहाजाने आत यावे आणि ओहोटीबरोबर बाहेर पडावे, अशी ही निसर्गाची सोय होती. जुन्या लंडन पुलाखालून मोठी जहाजे पुढे जाऊ शकत नसत. त्यामुळे पुलाच्या खालच्या अंगाला धक्के आणि वखारी उभ्या राहिल्या.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे धक्के अपुरे पडू लागले. जहाजे नदीच्या पात्रात खोळंबून राहत, होड्यांमधून माल उतरविला जाई आणि त्यात चोऱ्या होत. त्यावर उपाय म्हणून बंदिस्त गोद्या खोदण्यात आल्या. नदीकडच्या दरवाजांमुळे ओहोटीच्या वेळीही गोदीतील पाण्याची पातळी कायम राही आणि उंच भिंतींमुळे माल सुरक्षित राही. वेस्ट इंडिया गोदी १८०२ मध्ये, लंडन गोदी १८०५ मध्ये, तर ब्लॅकवॉल येथील ईस्ट इंडिया गोदी १८०६ मध्ये सुरू झाली. सेंट कॅथरिन गोदी १८२८ मध्ये खुली झाली. वेस्ट इंडिया गोदीत प्रामुख्याने गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर येई. ईस्ट इंडिया गोदीत पूर्वेकडचा माल उतरे. जहाजांच्या विम्याचा धंदा लॉइड यांच्या कॉफीगृहात वाढला. जहाजांवरची घड्याळे जुळविता यावीत म्हणून ग्रीनिच वेधशाळेच्या माथ्यावरून रोज दुपारी एक वाजता गोळा खाली सोडण्याची प्रथा १८३३ मध्ये सुरू झाली.

व्यापार संपला, सत्ता उरली

ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळाली. तिची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. गंमत अशी, की रंगो बापूजी तेथे गेले तेव्हा कंपनी व्यापार करीतच नव्हती. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद केला होता. हिंदुस्थानचा कारभार मात्र तिच्याकडेच ठेवला होता. भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळेल, अशी तजवीज त्याच कायद्यात होती आणि हा लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावयाचा होता. साताऱ्याचा दावा ज्यांच्यापुढे मांडायचा, त्यांचे उत्पन्नच असे या देशाच्या महसुलाशी बांधलेले होते.

हा दावा काय होता? २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना राज्य मिळाले. सातारा, कराड, वाई यांबरोबर आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा आणि खानापूर हा मुलूखही त्यात होता. पुढे गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे माजी राजे यांच्याशी संगनमत केल्याचा, तसेच कंपनीच्या शिपायांना फितविल्याचा आरोप महाराजांवर ठेवण्यात आला. दोष कबूल केल्यास गादी राहील, असे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांनी सुचविले. महाराजांनी ते नाकारले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठविण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी यांना गादीवर बसविण्यात आले.

बोलण्याची मुभा, निकालाची नाही

कंपनीच्या भागधारकांची सभा हे रंगो बापूजींचे मुख्य व्यासपीठ होते. तेथे एक हजार पौंडांचे भाग असणाऱ्यास एक मत आणि दहा हजारांचे भाग असणाऱ्यास चार मते असत. साताऱ्याची बाजू घेणारेही या सभेत होते. साताऱ्याचे माजी रेसिडेंट जॉन ब्रिग्ज आणि जोसेफ ह्यूम यांनी ती मांडली. लिव्हरपूल या दुसऱ्या बंदरात जन्मलेले, गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात गाजलेले वक्ते जॉर्ज थॉमसन यांनी हा प्रश्न हिरिरीने लावून धरला. पुढे १८४७ मध्ये ते टॉवर हॅम्लेट्स या गोदीकामगारांच्या वस्तीच्या मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आले.

मात्र १७८४ च्या कायद्याने सरकारी नियंत्रण मंडळ नेमले गेले होते. संचालकांच्या ज्या निर्णयाला या मंडळाची संमती मिळे, तो रद्द करण्याचा अधिकार भागधारकांच्या सभेला उरला नव्हता. तेथे भाषणे होत, ठराव मांडले जात, वृत्तांत छापले जात. निर्णय बदलत नसे. व्यापाराच्या शहरात साताऱ्याला श्रोते मिळाले, न्यायाधीश मिळाला नाही.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीतच निवर्तले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजींचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. राज्य खालसा करण्यास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा विरोध होता. तरीही लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर केला आणि राज्य कंपनीच्या मुलखात सामील झाले. तेरा-चौदा वर्षांची धडपड निष्फळ ठरून रंगो बापूजी कर्जबाजारी अवस्थेत मायदेशी परतले. अर्ज-विनंत्यांचा मार्ग खुंटला होता. १८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाचा कट उघडकीस आला आणि ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर १७ जणांना देहदंड देण्यात आला. रंगो बापूजींचे पुत्र सीताराम त्यांत होते. स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

आजचे लंडन

पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, कंपनीची सत्ता संपली. काही वर्षांत लेडनहॉल स्ट्रीटवरची तिची कचेरीही पाडण्यात आली. विसाव्या शतकात मालाची ने-आण कंटेनरमधून होऊ लागली आणि शहराजवळच्या गोद्या मोठ्या जहाजांना अपुऱ्या पडल्या. ईस्ट इंडिया गोदी १९६७ मध्ये, वेस्ट इंडिया गोदी १९८० मध्ये बंद झाली. त्याच वेस्ट इंडिया गोदीच्या जागी आता कॅनरी वॉर्फच्या बँकांचे मनोरे उभे आहेत. बंदर मात्र संपलेले नाही. ते नदीच्या मुखाकडे सरकले आहे. टिलबरी आणि २०१३ मध्ये सुरू झालेले लंडन गेटवे येथे जहाजे लागतात.

साताऱ्यात चार भिंती हे स्मारक १८५७ च्या हुतात्म्यांची आठवण देते. लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीच्या जागेवर १९८६ पासून लॉइड्स या विमासंस्थेची इमारत आहे. साताऱ्याहून तेथे जाणाऱ्या प्रवाशाने क्षणभर थांबावे अशीच ती जागा आहे. साताऱ्याच्या राज्याची बाजू वर्षानुवर्षे मांडली गेली ती तेथेच.