अजिंठा डोंगररांगेतील देशी वनस्पती

सह्याद्रीचा जो फाटा नाशिक जिल्ह्यातून पूर्वेकडे निघून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जळगाव, जालना व बुलढाणा या जिल्ह्यांतून यवतमाळच्या दिशेने जातो, त्यास सातमाळा-अजिंठा डोंगररांग म्हणतात. माणसाने लावल्याविना व परप्रदेशातून न आणता या डोंगरांत दीर्घकाळ वाढत आलेल्या वृक्ष, झुडपे, वेली, गवते व कंदयुक्त वनस्पती येथील देशी वनस्पती होत. ही रांग उत्तरेकडील तापीचे व दक्षिणेकडील गोदावरीचे खोरे यांच्यामधील जलविभाजक आहे. गोदावरीची उपनदी पूर्णा याच डोंगरांत उगम पावते. जालना जिल्ह्यातील मंठ्याचा परिसर तिच्या खोऱ्यात मोडतो. त्यामुळे डोंगरउतारावरील हिरव्या आच्छादनाचा संबंध खालच्या सपाटीवरील विहिरी, ओढे व शेतजमिनी यांच्याशी थेट पोहोचतो.

भौगोलिक पार्श्वभूमी : डोंगर बेसाल्ट खडकाचे असून तो सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला आहे. उत्तरेची बाजू खानदेशकडे कड्यांनी तुटलेली, तर दक्षिणेची बाजू मंद उताराची आहे. उतारांवर मुरमाड मातीचा पातळ थर असतो. पर्जन्यमान सर्वसाधारणपणे वर्षाला सु. ७० सेंमी.च्या आसपास असून तो पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने वनस्पतींना साठवलेल्या ओलाव्यावर किंवा सुप्तावस्थेत काढावे लागतात. या प्रदेशातील वनस्पतींची बहुतेक वैशिष्ट्ये याच एका परिस्थितीतून निर्माण झाली आहेत. मार्च ते मे या काळात हे डोंगर उजाड दिसतात व ‘पडीक’ समजले जातात; परंतु हा उजाडपणा पुष्कळ अंशी ऋतुमानाचा असतो.

वृक्ष व झुडपे : येथील वने दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी या प्रकारात मोडतात. साग, सालई, धावडा, मोई, खैर, पळस, टेंभुर्णी, चारोळी, बेल, आपटा, हिवर व कांडोळ हे प्रमुख वृक्ष होत. पाने गाळून बाष्पोत्सर्जन (पानांवाटे होणारा पाण्याचा ऱ्हास) कमी करणे हा त्यांचा समान गुण आहे. पळसाला पाने गळल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, केशरी फुले येतात. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत पक्ष्यांना त्यांतील मधुरस मिळतो. सालई (बॉसवेलिया सेराटा) खडकाळ, उथळ जमिनीतही तग धरते. तिच्या खोडातून सुगंधी राळयुक्त डिंक पाझरतो. कांडोळाची गुळगुळीत, फिकट साल उन्हाळ्यात दुरूनही ओळखू येते. उघड्या खडकांवर माकडशिंग (कॅरालुमा) ही मांसल खोडाची वनस्पती आढळते.

गवते : वृक्ष विरळ असलेल्या उतारांवर गवताळ माळ असतात. भारतीय गवतांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणानुसार हा प्रदेश सेहिमा-डायकॅन्थियम या आच्छादन प्रकारात येतो. पवन्या (सेहिमा), मारवेल (डायकॅन्थियम), डोंगरी (क्रायसोपोगॉन), रोशा व कुसळी (हेटेरोपोगॉन) ही महत्त्वाची गवते होत. यांपैकी पहिली तीन उत्तम वैरण देतात. रोशाचे सुगंधी तेल काढतात. चराई अति झाली म्हणजे रुचकर गवते प्रथम नाहीशी होतात व कुसळीचे प्रमाण वाढते. कुसळी पक्व झाल्यावर तिच्या टोकदार कुसळांमुळे जनावरे ती टाळतात. म्हणून माळावर केवळ कुसळीच दिसू लागणे ही जमिनीच्या ऱ्हासाची खूण समजतात. चराई काही वर्षे बंद ठेवल्यास पवन्या व डोंगरी ही गवते पुन्हा येऊ शकतात. मात्र त्यांचे बी वा ठोंब आसपास शिल्लक असावे लागतात.

पावसाळी व कंदयुक्त वनस्पती : पहिल्या पावसानंतर जमिनीतील कंद व बिया जाग्या होतात. कळलावी, मुसळी, कर्टुले, तेरडा, आमरीच्या भूमिवासी जाती व खाचरांच्या कडेस उगवणारी सीतेची आसवे ही त्यांची उदाहरणे होत. यांचे वर्षाचे सर्व दृश्य जीवन काही आठवड्यांत आटोपते. कंदीलपुष्प (सेरोपेजिया) या प्रजातीच्या भारतातील बहुसंख्य जाती सह्याद्रीत आढळतात. सेरोपेजिया बल्बोसा ही जाती मात्र दख्खनच्या कोरड्या माळांवरही वाढते. तिच्या फुलाची नळी तळाशी फुगीर असते व आत खाली वळलेले केस असतात. वासाने ओढले गेलेले लहान चिलट आत शिरते, पण केसांमुळे त्यास बाहेर पडता येत नाही. परागण झाल्यावर केस कोमेजतात आणि परागपुंज घेऊन कीटक सुटतो. या वनस्पतीचा कंद खाद्य असल्याने माणसे, डुकरे व साळिंदरे तो उकरतात. कंद गेला की वनस्पतीही जाते, कारण पुढील वर्षाची सर्व वाढ त्यावरच अवलंबून असते.

अभ्यासाचा इतिहास : डॅल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये, तर थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१–०८ या काळात प्रसिद्ध झाला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने तो या ग्रंथांच्या मुख्य कक्षेबाहेर राहिला. कोकण व घाटमाथ्यावरील वनस्पतींच्या तुलनेत अजिंठ्याच्या दक्षिण उताराची नोंद उशिरा झाली, त्याचे हे एक कारण होय. मराठवाड्यातील वनस्पतींचा सविस्तर अभ्यास वि. ना. नाईक यांनी केला. उस्मानाबादच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९७९ मध्ये व समग्र मराठवाड्यावरील ग्रंथ १९९८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. एखाद्या ठिकाणी पूर्वी काय होते हे ठाऊक असल्याविना तेथून काय नाहीसे झाले हे सांगता येत नाही. म्हणून अशा नोंदी संवर्धनाचा पाया ठरतात.

लोकजीवनातील स्थान : पळसाच्या पानांच्या पत्रावळी, टेंभुर्णीची विडीसाठी पाने, चारोळीची बी, खैराचा कात, धावड्याचा डिंक व बेलाची पाने हे उपयोग सर्वपरिचित आहेत. कर्टुले व कुर्डू यांची भाजी पावसाळ्यात बाजारात येते. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटतात. मात्र त्यासाठी फांद्याच्या फांद्या तोडल्या जात असल्याने ज्या वृक्षाचा सन्मान व्हावा त्यालाच इजा पोहोचते. मुळे व कंद यांसाठी पुरी वनस्पती उपटली जाते, तर पाने व फळे बेताने तोडल्यास ती टिकून राहते. उपयोगाचा हा फरक संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

ऱ्हासाची कारणे : सरपणासाठी तोड, अति चराई, उन्हाळ्यात लावले जाणारे वणवे, खाणी व रस्ते, डिंकासाठी सालई-कांडोळावर घातलेले खोल घाव आणि औषधी कंदांची बेसुमार खोदाई ही प्रमुख कारणे होत. यांत परदेशी वनस्पतींच्या आक्रमणाची भर पडली आहे. घाणेरी, गाजर गवत, रानतुळस व वेडी बाभूळ या मूळच्या अमेरिकेतील वनस्पती मोकळ्या झालेल्या जागा झपाट्याने व्यापतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराच्या परिसरात पसरलेली वेडी बाभूळ काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. प्रत्येक परकी वनस्पती मात्र सारखीच उपद्रवी नसते. सीताफळ हेही मूळचे अमेरिकेतील. तथापि मराठवाड्याच्या डोंगरांत ते रुळले असून बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणून मूळ कोठले यापेक्षा, ती वनस्पती इतरांना हुसकावते किंवा नाही, ही कसोटी व्यवहारात अधिक उपयोगी पडते.

सदिच्छेने केलेली वृक्षलागवडही कधी कधी हानिकारक ठरते. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाल्यानंतर सुबाभूळ, निलगिरी यांसारख्या जलद वाढणाऱ्या जातींची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. सरपण व वैरण यांची गरज भागविण्यास ती उपयोगी असली, तरी नैसर्गिक गवताळ माळ खोदून तेथे एकाच जातीची झाडे लावल्यास गवते, कंद व त्यांवर जगणारे कीटक-पक्षी यांचे आश्रयस्थान नष्ट होते. सातारा जिल्ह्यातील कास पठार हे जवळजवळ वृक्षहीन आहे. पश्चिम घाटाचा जो भाग २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला त्यात कासचा समावेश आहे व त्याची ख्याती खडकावरील पावसाळी फुलांमुळे आहे. अजिंठ्याचे माळ कासइतके संपन्न नसले, तरी झाडे नाहीत म्हणजे काहीच नाही, हा समज तेथेही चुकीचाच ठरतो.

संवर्धन : छत्रपती संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांतील गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सु. २६० चौ. किमी. आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावातील जाणत्या गुराख्यांना व वैदूंना ठाऊक असलेली वनस्पतींची नावे, जागा व उपयोग यांची तीत नोंद करता येते.

प्रत्यक्ष कामात काही गोष्टी अनुभवाने उपयुक्त ठरल्या आहेत. कुरणातील गवत बी पडल्यानंतर कापावे. म्हणजे पुढील वर्षीचे पीक आपोआप येते. उतारावर प्रथम संरक्षण द्यावे व जुन्या खुंटांना फुटवे येऊ द्यावेत. तेवढ्याने भागत नसेल तेथेच लागवड करावी. सालई, मोई व पांगारा यांच्या जाड फांद्या पावसाळ्यापूर्वी रोवल्यास त्यांना मुळे फुटतात. पळसाचे बी ताजे असतानाच पेरावे, कारण त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. बी त्याच डोंगरातील निरोगी व अनेक झाडांवरून गोळा केल्यास रोपे स्थानिक हवामानास अनुरूप निघतात. समपातळी चर खोदण्यापूर्वी जागेची पाहणी पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत जमिनीखालील कंद दिसत नाहीत.

डोंगराबाहेरही या वनस्पतींना आसरा असतो. मंठ्यासारख्या शेतीप्रधान भागात गायराने, शेताचे बांध, ओढ्यांचे काठ, स्मशानभूमी व देवस्थानांच्या जमिनी येथे हिवर, पळस, आपटा, मारवेल व पावसाळी कंद टिकून राहू शकतात. असे तुकडे आकाराने लहान असले, तरी बियांचा पुरवठा व परागण करणाऱ्या कीटकांचा निवारा या दोन्ही दृष्टींनी ते डोंगरावरील वनांना पूरक असतात. बांध पेटविणे वा तणनाशकाने साफ करणे टाळल्यास त्यांचे रक्षण वेगळ्या खर्चाविना होते.