वनस्पत्याहार आणि आमची किनारपट्टी

अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील काही मुलामुलींनी घरी असे जाहीर केले आहे की, आम्ही यापुढे मासे, मटण व अंडी तर खाणार नाहीच, परंतु दूध, दही, तूप व मधही घेणार नाही. किनाऱ्यावरील घरात, जेथे भाताच्या ताटात बोंबलाचे कालवण नसले तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, तेथे असा निश्चय ऐकून आईबापांच्या पोटात गोळा उठतो. पोर वाढीच्या वयात वाळून तर जाणार नाही ना, आणि याला उद्यापासून रांधून घालावे तरी काय, हे दोन प्रश्न पालकवर्गाने आम्हांस वारंवार विचारले आहेत. त्यांस जमेल तसे उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाविषयी. इ. स. १९४४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे काही सोबती यांनी दूधदुभतेही वर्ज्य मानणाऱ्या शाकाहाऱ्यांची निराळी संस्था काढली. 'व्हेजिटेरिअन' ह्या इंग्रजी शब्दाची आरंभीची तीन व शेवटची दोन अक्षरे जुळवून त्यांनी 'व्हीगन' हे नाव योजिले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, गाय व्याल्यावाचून दूध देत नाही. ते दूध वासराचे असते. आणि नर वासरू गोठ्यास भार होऊ लागले म्हणजे त्याचे पुढे काय होते हे सर्वांस ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. तेव्हा प्राण्यास पीडा होऊ नये असे ज्यास वाटते, त्याने केवळ मांस सोडून थांबणे अपुरे होय. हे व्रत शक्य व व्यवहार्य असेल तितके पाळावे, अशी मर्यादाही त्या संस्थेने पुढे आपल्या व्याख्येत घातली आहे. ती नवशिक्यांनी विसरू नये.

हे सर्व परदेशी खूळ आहे, असे पुष्कळांस वाटते. तथापि आपल्या किनाऱ्याचे स्वयंपाकघर नीट न्याहाळले तर निराळेच चित्र दिसते. पूर्वी कुलाबा व १९८१ पासून रायगड म्हणविल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्यात कालवणाची गोडी व दाटपणा नारळाने येतो. दह्यादुधाचे काम येथे बव्हंशी नारळच करितो. याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे आमचे बेने इस्रायल शेजारी. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नौगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले. मांस व दूध एका जेवणात एकत्र येऊ द्यावयाचे नाही, असा त्यांचा धर्मनियम आहे. अर्थात मटणाच्या जेवणात दही नाही, आणि त्या जेवणानंतरच्या गोडातही दूध वा तूप नाही. अशा वेळी त्यांच्या सुगरणींनी नारळाचा आश्रय केला. गव्हाचा चीक व नारळाचे दूध आटवून केलेला त्यांचा हलवा, तसेच पोहे, ओले खोबरे, गूळ व फळे यांची मलिदा, ही दोन्ही पक्वान्ने दुधातुपाच्या थेंबावाचून होतात. ते लोक वनस्पत्याहारी नव्हेत हे खरे. पण दुधावाचून मेजवानी कशी करावी हे शिकावयाचे, तर त्यांच्यासारखे गुरू दुसरे नाहीत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायल देशी गेली, व अलिबागेच्या इस्रायल आळीत आता थोडीच घरे उरली आहेत. ज्यांस त्या घरांचा परिचय असेल त्यांनी ह्या पाककृती वेळीच लिहून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. नवशिक्याने प्रथम एकच गोष्ट उत्तम शिकावी, आणि ती म्हणजे वालाचे बिरडे. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल होतात. कडवे वाल रात्री कोमट पाण्यात भिजत घालावेत, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधावेत, आणि दुसऱ्या दिवशी मोड दिसू लागले म्हणजे ऊन पाण्यात टाकून बोटांनी हलकेच दाबावेत. साल सुटून डाळिंबी बाहेर येते. हे काम कंटाळवाणे खरे, म्हणून ते सर्व घराने एकत्र बसून करण्याचे आहे. तेलात मोहरी, हिंग व हळद घालून डाळिंब्या परताव्या, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवाव्या, व मऊ झाल्यावरच आमसूल व गूळ घालावा. आंबट आधी पडले तर कडधान्य लवकर शिजत नाही. पुष्कळांचे बिरडे टणक राहते ते याच कारणाने. शेवटी ओले खोबरे व कोथिंबीर.

दुसरी गोष्ट नारळाचे दूध. खवलेल्या खोबऱ्यात कोमट पाणी घालून वाटून पिळले म्हणजे पहिले दाट दूध निघते, व त्याच चोथ्याचे पुन्हा निघते ते पातळ. पातळ दुधात भाजी शिजवावी. दाट दूध अगदी अखेरीस घालून भांडे उतरावे, कारण ते खळखळून उकळले तर फुटते. सोलकढी तर चुलीवर चढवूच नये. याच दुधात गूळ व वेलची मिसळली म्हणजे घावनाबरोबरचा रस झाला. फणसाच्या रसात तांदळाचा रवा, गूळ व हे दूध घालून उकडले म्हणजे सांदण झाले. उकडीच्या मोदकावर तुपाची धार नसली तर गणपती रागावेल, असे आम्हांस तरी वाटत नाही.

खरी अडचण चवीची असते. ज्या जिभेला सोडे, जवळा व सुक्या बोंबलाची सवय, तिला साधी भाजी मिळमिळीत लागते. यास उपाय असे : कांदा व सुके खोबरे काळसर होईपर्यंत भाजून वाटण करावे, आंबटपणाला आमसूल किंवा आंबोशी घ्यावी, आणि कालवण तयार झाल्यावर वाटीत जळता निखारा ठेवून, त्यावर तेलाचा थेंब टाकून झाकण घालावे, म्हणजे धुरकट स्वाद उतरतो. पावसाळ्याच्या आरंभी ठाकूर व कातकरी बाया बाजारात शेवळे आणितात. त्यांच्या भाजीत घरोघरी सोडे घालण्याची चाल आहे; सोड्यांच्या जागी बिरडे घातले तर भाजी तितकीच भरदार होते. मात्र शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्याच बायांजवळ मिळणारी आंबट काकडे अथवा चिंच त्यांत अवश्य असावी. टाकळा, भारंगी, कुरडू, केळफूल, फणसाची कुयरी, ही यादी लांबविता येईल. अलिबागेच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचे कूट व लिंबू घालून हा गोडसर कांदा चिरला म्हणजे दह्याची आठवण राहत नाही. चहाचे मात्र आम्हांस समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. नारळाच्या दुधाने त्यावर तवंग येतो. सोयाबीनचे दूध पुष्कळांस रुचत नाही. गवती चहा घालून कोराच प्यावा, हे उत्तम.

येथवर सर्व गोड झाले. आता पालकांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो अधिक गंभीर आहे. ब-१२ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात भरवशाचे मिळत नाही. मोड आलेल्या कडधान्यांत ते नाही, आंबविलेल्या पिठातही विसंबण्याजोगे नाही. शरीरात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे आरंभी काहीच बिघडलेले दिसत नाही. पुढे थकवा, पंडुरोग, हातापायांस मुंग्या, अशी लक्षणे उमटतात, आणि मज्जातंतूंची हानी फार पुढे गेली तर ती पुरती भरून येत नाही. हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी १९४८ साली शोधून निराळे काढिले, म्हणजे वॉटसन यांची संस्था निघाली तेव्हा त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. आज त्याच्या गोळ्या स्वस्त मिळतात. ज्याने दूध, अंडी, मासे सर्व सोडले, त्याने ही गोळी डॉक्टरांस विचारून नियमाने घेतलीच पाहिजे. ह्या बाबतीत 'आमचे पूर्वज कोठे गोळ्या घेत होते?' हा युक्तिवाद आम्ही ऐकून घेणार नाही. पूर्वज मासे खात होते.

दुसरे, नारळाचे दूध हे चवीचे दूध होय, पोषणाचे नव्हे. त्यात प्रथिने व चुना, म्हणजे कॅल्शियम, अल्प असतात व स्निग्धांश मात्र बराच. चुन्यासाठी नाचणीकडे पाहावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, व तितक्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. तीळ व शेवग्याचा पालाही या कामी उत्तम. प्रथिनांसाठी वाल, कुळीथ, मटकी, चवळी यांपैकी काही ना काही दोन्ही वेळच्या जेवणात असावे; नुसता भात व कढी एवढ्यावर वाढत्या मुलाचे भागत नाही. लोहासाठी पालेभाजी व कडधान्यावर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. एक गोष्ट आपल्या किनाऱ्यापुरती विशेष आहे. उरण व पेणच्या मिठागरांतील खडे मीठ घरोघरी वापरतात. त्यात आयोडीन घातलेले नसते. मासे खाणाऱ्यास आयोडीन माशांतून मिळते. मासे सोडणाऱ्याने आयोडीनयुक्त मीठच आणावे. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांच्या आहारात असा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणी करू नये.

निश्चयाच्या बाबतीत गांधीजींचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर असताना १९१२ साली त्यांनी दूध सोडिले. १९१८ साली हगवणीने ते मरणाच्या दारी पोहोचले, व दुधावाचून शरीर पुन्हा उभे राहणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा, नवस गाईम्हशीच्या दुधाचा होता असे कस्तुरबांनी दाखवून दिल्यावर, ते शेळीच्या दुधावर आले, व शेवटपर्यंत ते घेत राहिले. हा माघारीचा सल त्यांनी आत्मचरित्रात झाकून ठेविलेला नाही. सोळा वर्षांच्या मुलाने एकदम जन्माचे व्रत घेण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे. दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील चार तरुणांनीही राजाच्या अन्नाऐवजी शाकान्न व पाणी मागताना मुदत घातली ती दहा दिवसांची, आणि कारभाऱ्याला म्हणाले की पारखून पाहा. प्रथम दहा दिवस, मग पुन्हा दहा दिवस, असेच आम्ही सुचवितो.

ताटाबाहेरच्या गोष्टी थोडक्यात. चामड्याची वहाण, रेशमी वस्त्र, लोकर, मध, ही सर्व व्हीगन मनुष्य टाळतो. पण घरात असलेली वहाण फेकून नवी विकत घेण्यात आम्हांस तरी शहाणपण दिसत नाही, ती झिजेपर्यंत वापरावी. बाजारच्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचण्याची सवय करावी. २०२२ पासून आपल्या देशात व्हीगन पदार्थांसाठी सरकारी नियम व निराळे चिन्ह आहे. करमणुकीसाठी प्राणी जुंपणेही ह्या तत्त्वात बसत नाही. बैलगाड्यांच्या शर्यतींस सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मुभा दिली असली, तरी पाहावयास जावे की न जावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक गोष्ट, व तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या शाळेत कोळ्यांची व आगऱ्यांची मुले इतरांबरोबर एकाच बाकावर बसतात. त्यांतील कित्येकांच्या फीचे पैसे रात्री समुद्रात जाळे टाकून मिळविलेले असतात. डबा उघडताच सुक्या मासळीच्या वासाने नाक मुरडणाऱ्या मुलाने प्राण्यांवरील दयेची भाषा करू नये. शाकभाजी खाणारा व सर्व काही खाणारा हे दोघे पहिल्या मंडळीतही होतेच, आणि त्यांनी एकमेकांशी कसे वागावे हे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आले आहे. जिज्ञासूंनी तो घरी वाचावा. त्याचप्रमाणे घरच्यांनीही मुलाच्या ताटात चोरून तूप सोडू नये. विश्वास एकदा उडाला म्हणजे पोर घरचे अन्नच खाईनासे होते.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून वर शेंगा, बटाटे, रताळी, ओवा व जाडे मीठ यांचे थर द्यावे, आणि तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करावे. पाणी घालावयाचे नाही; शेंगांच्या व पाल्याच्या अंगच्या ओलीवरच सर्व शिजते. मडके शेतात उपडे ठेवून त्यावर पेंढा व गवत रचून पेटवितात. ज्यांना कोंबडी व अंडी हवी त्यांचे मडके निराळे लावावे, जाळ एकच पुरतो. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारावे. ते चर्रकन आवाज करून लगेच सुकले की पोपटी झाली.