पोटखराबींतील रान व त्याची खरी किंमत

आपल्या सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखालीं ‘पोटखराब’ म्हणून एक लहानसा आंकडा असतो. बहुतेक खातेदार त्याकडे पाहतही नाहींत. आमची उमेद महसुली दप्तरांत गेली व हा आंकडा आम्ही हजारों वेळां लिहिला. तेव्हां त्याविषयीं चार शब्द लिहिण्यास हरकत नाहीं असें वाटतें. ज्या जमिनींत नांगर चालत नाहीं व जिच्यावर आकार बसत नाहीं, ती दप्तराच्या दृष्टीनें खराब. तींत खडक आला, नाला आला, खळें आलें आणि उभ्या उताराचें रानही आलें. कोकणांत व मावळांत असें रान पुष्कळदां वरकसांतही मोडतें. आकारणीच्या कामापुरता हा शब्द बरोबर आहे. परंतु तो कागदावरून लोकांच्या मनांत उतरला, आणि सरकारदरबारीं जें खराब लिहिलें तें घरींही निरुपयोगी मानलें जाऊं लागलें. नुकसानीस आरंभ तेथून झाला.

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस, म्हणजे कोकणांत व घाटमाथ्यालगतच्या मावळपट्टींत, ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठीं हा लेख आहे. डोंगरावरचें रान पायथ्याच्या शेताचें कोणतें काम करितें, हवामान पालटत असतां त्या कामाचें महत्त्व कां वाढलें आहे, आणि खातेदारानें काय करावें, एवढेंच येथें सांगावयाचें योजिलें आहे.

रान पाणी कसें राखतें.— उघड्या उतारावर पावसाचा थेंब पडला म्हणजे तो मातीचे कण उडवितो. ते कण मातीचीं बारीक छिद्रें बुजवितात, आणि वरचें पाणी आंत न मुरतां माती घेऊन खालीं धांवतें. रानांत तसें होत नाहीं. तेथें थेंब आधीं पानांवर फुटतो, मग झुडपांवर, आणि शेवटीं पातेऱ्यावर पडतो. पातेऱ्याखालीं गांडुळें, वाळवी, किडे व बुरशी यांनीं भुसभुशीत केलेली माती असते. जुन्या मुळ्या कुजून त्यांच्या जागीं नळ्या पडलेल्या असतात. त्या वाटेनें पाणी खोल जातें. आपल्या सह्याद्रीचा काळा खडक थराथरांचा आहे. भेगाळ व मऊ थरांतून पाणी खालीं उतरतें, कठीण थर लागला कीं आडवें वाहतें, आणि जेथें तो थर उताराला उघडा पडतो तेथें झरा फुटतो. आषाढांत माथ्यावर पडलेलें पाणी माघ-फाल्गुनांत पायथ्याच्या विहिरींत दिसतें तें याच रीतीनें. कोकणांतील जांभ्याच्या सड्यांखालीं थोड्याफार फरकानें हाच प्रकार चालतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाड पाणी मुरवितें तसें पितेंही. म्हणून झाडें लावलीं कीं झरा वाढलाच, असा सरळ हिशेब नाहीं. मुरण्याची जमा पिण्याच्या खर्चाहून अधिक असेल तरच शिल्लक उरते. कर्नाटकांतील सह्याद्रींत शास्त्रज्ञांनीं नैसर्गिक रान, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आणि उजाड झालेली जमीन यांचीं मोजमापें घेतलीं आहेत. नैसर्गिक रानाच्या मातींत पाणी मुरण्याची शक्ति अधिक, आणि उजाड जमिनीवरून पावसासरशीं वाहून जाणारें पाणी अधिक, असें त्यांत आढळलें. सारांश, जुनें रान तोडून त्या जागीं एका जातीच्या झाडांच्या ओळी लावल्यानें खातें बरोबरींत येत नाहीं.

रानांतील बिनपगारी गडी.— रान म्हणजे केवळ झाडें नव्हेत. धनेश पक्षी उंबर, वड व इतर रानफळें खाऊन त्यांच्या बिया दूरवर टाकतो. मोठीं फळें गिळणारीं पाखरें नाहींशीं झालीं कीं त्या झाडांचा प्रसार खुंटतो व रान म्हातारें होत जातें. या धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलींत अंडीं घालते. जें पोकळ झाड ठेकेदार निकामी म्हणून प्रथम तोडतो, तेंच त्याचें घर असतें. त्याच ढोलींत घुबड राहतें व रात्रीं भातखाचरांतील उंदीर मारितें; तेथेंच सातेरी माश्यांचें मोहोळही बसतें. या माश्या रानाच्या कडेनें असलेल्या आपल्या कारळ्यावर, वेलभाज्यांवर व फळझाडांवर येतात. कारळ्यासारख्या पिकांत दाणा भरण्यास माशीची गरज असते, हें कारळें पेरणारास सांगावयास नको.

रानडुकरें व वानरें पिकांची नासाडी करितात हा आक्षेप खरा आहे, आणि तो त्रास लहान नाहीं. परंतु रान तोडल्यानें डुक्कर गांव सोडून जात नाहीं. तें झुडपांत व उसांतही राहतें. त्याचा बंदोबस्त हा स्वतंत्र प्रश्न असून त्याचें उत्तर कुऱ्हाड हें नव्हे.

हवामान कसें पालटलें.— कोळसा व खनिज तेल जाळल्यानें आणि जगभर रानें तुटल्यानें हवेंतील कर्बवायूचें प्रमाण वाढलें आहे. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें २८० भाग होता. आतां ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायु पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. १९०१ पासून २०१८ पर्यंत हिंदुस्थानचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें. हा आंकडा दिसण्यांत लहान आहे. परंतु हवा एका अंशानें तापली कीं तींत सुमारें शेंकडा ७ अधिक वाफ मावते, आणि समुद्रही तापला असल्यानें ती वाफ मिळते. म्हणून पडावयाचा तेव्हां पाऊस एकदम पडतो, आणि मध्यंतरीं ओढ देतो. गुजरात-महाराष्ट्रापासून ओरिसापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यांत १९५० ते २०१५ या काळांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, आणि तरीही तेथील एकंदर पावसाळी पाऊस कमी झाला, असें संशोधकांनीं दाखविलें आहे.

आपल्या डोंगरांत याचा अनुभव आला आहे. २३ जुलै २०२१ रोजीं सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथें सुमारें ५९४ मिलिमीटर, म्हणजे २३ इंचांहून अधिक पाऊस झाला. त्याच अतिवृष्टींत महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्यापूर्वीं ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गेलें व दीडशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. जून २०२० मधील निसर्ग वादळानें रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या.

रान असतें तर दरडी कोसळल्याच नसत्या, असें आम्ही म्हणत नाहीं. झाडाच्या मुळ्या वरची कांहीं हात माती बांधून ठेवतात. खोलवरची माती पाण्यानें पूर्ण भरली म्हणजे दाट रानासकट उतार खालीं येतो. परंतु लहानसहान घळी पडणें, बांध फुटणें, खाचरांत गाळ व गोटे येणें, या दरसालच्या नुकसानीस रान पुष्कळ आवर घालतें. तसेंच एका गांवच्या रानानें जगाची उष्णता कमी होणार नाहीं. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकीं जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो, व तो झाड उभें असेपर्यंत हवेंत जात नाहीं, हें खरें. तथापि मुख्य रोग कोळशाचा व तेलाचा आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पाऊस दांडगा व अनियमित झाला असतां, तो झेलणारी व पुढें पुरवून देणारी वस्तु आपल्या हातानें मोडूं नये.

नुकसान उशिरा कां दिसतें.— रान तोडल्यावर पहिले दोन-तीन पावसाळे बहुधा कांहीं विशेष घडत नाहीं. म्हणून तोडणारा म्हणतो, पाहा, कोठें बिघडलें? याचें कारण असें कीं, बुंधा तुटला तरी जमिनींतील मुळ्या कांहीं वर्षें माती धरून असतात. पुढें त्या कुजतात, नव्या मुळ्या तयार झालेल्या नसतात, आणि मधल्या काळांत उतार सर्वांत दुबळा असतो. ऐन, किंजळ, जांभूळ यांसारखीं झाडें बुंध्यापासून पुन्हां फुटतात व मुळें जिवंत राखतात. परंतु तोडीमागून वणवा गेला, किंवा खोडकीं यंत्रानें उपटून काढलीं, तर तीही आशा उरत नाहीं. तोडीचे पैसे एका हप्त्यांत येतात आणि नुकसान दहा वर्षांच्या हप्त्यांनीं जातें, म्हणून तें कोणाच्या हिशेबांत धरलें जात नाहीं.

ही गोष्ट कांहीं आजच कळलेली नाहीं. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक १८४७ सालीं झाली. कोकणांतील रानें तुटल्यानें ओढे व झरे आटतात, याकडे त्या काळींच त्यांनीं सरकारचें लक्ष वेधलें होतें. आणि त्याच्याही कितीतरी आधीं आपल्या पूर्वजांनीं देवराया राखल्या. बहुधा झऱ्याच्या उगमाशींच देवराई असते, हें ध्यानांत घ्यावें. १९७० नंतरच्या दशकांत माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं महाराष्ट्रांतील देवरायांची पाहणी करून त्यांची वैज्ञानिक नोंद केली.

सामाईक खात्याचा घोळ.— आमच्या पाहण्यांत रान जाण्याचें मोठें कारण दारिद्र्य नसून सामाईक खातें हें आहे. भातखाचराची वांटणी होते. डोंगर मात्र दहा-पंधरा हिस्सेदारांच्या नांवें तसाच राहतो. निम्मे हिस्सेदार मुंबई-पुण्यास असतात. सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, अशी स्थिति होते. ठेकेदार एकेकाची संमति घेतो, प्रत्येकाच्या हातीं थोडीथोडी रक्कम पडते, आणि गांवीं राहून शेती करणाऱ्या एकट्याच्या विहिरीचें पाणी जातें.

खातेदारांनीं काय करावें.— (१) प्रथम आपल्या सातबाराचा ‘इतर हक्क’ रकाना पाहावा. खाजगी वनाचा शेरा असल्यास १९७५ च्या कायद्याचा संबंध येतो. आणि ठराविक जातींच्या झाडांच्या तोडीस १९६४ च्या कायद्याप्रमाणें परवानगी लागते. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर सही करूं नये.

(२) सामाईक डोंगराबाबत सर्व हिस्सेदारांनीं एकत्र बसून लेखी ठराव करावा. झऱ्याच्या वरचा भाग, ओढ्याचे दोन्ही कांठ व उभा उतार येथें तोड नाहीं. सरपण व इमारती लाकूड लागल्यास खालच्या मोकळ्या भागांतून, एका वर्षीं एकच तुकडा, असा क्रम लावावा.

(३) राबासाठीं टहाळ तोडावयाची तर शेंडा राखून, एका झाडास दोन-तीन वर्षें विश्रांति देऊन तोडावी. गादीवाफ्यावर शेणखत घालून राब न भाजतांही भाताचें रोप चांगलें येतें, याचा लहान तुकड्यावर अनुभव घ्यावा.

(४) वणवा हा रानाचा मोठा शत्रु होय. पौष-माघांत गवत कापून रानाभोंवतीं जाळरेषा काढावी. हें काम सर्व खातेदारांनीं मिळून केल्यास फार तर दोन-चार दिवसांचें आहे.

(५) उभ्या उतारावर यंत्र लावून नवीं शेतें काढूं नयेत. पाण्याचा नैसर्गिक मार्ग बुजविला तर तें दुसरा मार्ग शोधतें, आणि तो आपल्या घरावरून असूं शकतो.

(६) उजाड झालेल्या जागीं लागवडीची घाई करूं नये. गुरें व वणवा यांपासून चार-पांच वर्षें राखल्यास खोडकीं फुटून रान आपोआप उठतें. जेथें मुळेंच उरलीं नसतील तेथें हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन, किंजळ, उंबर अशीं तेथलींच झाडें मिसळून लावावीं.

रान राखणें म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणें नव्हे. हिरडा, शिकेकाई, मध, फणस, जांभूळ यांचें थोडेंबहुत उत्पन्न येतच राहतें. तथापि त्याहून मोठें उत्पन्न तें, जें कोणत्याही पावतीवर दिसत नाहीं: फाल्गुनांत विहिरीला असलेलें पाणी, आणि आषाढांत जागच्या जागीं राहिलेली खाचराची माती. दप्तरांत तें खुशाल खराब राहो. आकार वांचतो तो वांचूं द्यावा. परंतु पुढच्या वांटणीच्या वेळीं, जो तो भातखाचरासाठीं भांडत असतां, त्या खाचराला पाणी कोठून येतें एवढें वाचकांनीं आपल्या भाऊबंदांस एकदां डोंगरावर नेऊन दाखवावें, इतकीच आमची विनंति आहे.