चाबुकस्वार

बदलापूर हे नाव कसे पडले, असा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच. सुरतेच्या वाटेवर शिवछत्रपतींचे स्वार येथे थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून बदलापूर, अशी आख्यायिका आहे. व्युत्पत्तीच्या कसोटीला ती कितपत उतरते, हा वाद मी मुलांपुढे काढीत नाही. थकल्या घोड्याला विसावा देणारे गाव अशी आपल्या गावाची ओळख असावी, यात वाईट काय आहे?

गेल्या लग्नसराईत उल्हासनगरला एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. वरात मोठी थाटाची. बँड, रोषणाई आणि नवरदेवाखाली पांढरीशुभ्र घोडी. ठेक्यावर ती जागच्या जागी असे काही पाय उचलीत होती की बायामुलांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला सांगू, मीही वाजवल्या. मग गर्दीच्या रेट्याने अगदी तिच्या तोंडाशी येऊन ठेपलो, तेव्हा फेसात तांबडी रेघ दिसली.

"मामा, हिच्या तोंडाला काय झालंय?" मी घोडेवाल्याला विचारले.

"काही नाही सर, काट्याचा लगाम आहे. साधा घातला तर या आवाजात आवरत नाही."

"आणि नाचायला कशी शिकवलीत?"

"दोन खांबांमध्ये बांधायची, ढोल वाजवायचा आणि मागून पायांवर काठी. मग नुसता ढोल ऐकला तरी पाय उचलते."

माणूस दुष्ट नव्हता. घोडी त्याच्या घरची लक्ष्मी होती आणि तिच्या मानेवरून त्याचा हात मायेने फिरत होता. काटेरी लगामाला 1965 सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनी मनाई केलेली आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. वरातीतल्या आम्हा शिकल्यासवरल्या मंडळींपैकी तरी कोणाला ठाऊक होते?

घरी येऊन ही हकीकत सांगितली, तेव्हा आमचे एक स्नेही हसले. ते अंबरनाथला राहतात, कारखान्यात इंजिनियर आहेत. ते म्हणाले, "प्रोफेसर, तुमच्या घोडीने जे केले त्याला युरोपात पियाफे म्हणतात आणि त्याला ऑलिंपिकमध्ये गुण मिळतात."

ते बरोबरच बोलत होते. ड्रेसाज नावाचा हा खेळ आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद रिंगण. त्यात घोड्याने स्वाराच्या जवळजवळ अदृश्य इशाऱ्यावर चालायचे, दुडकायचे, तिरपे सरकायचे, जागच्या जागी दुडकी धरायची. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. 2023 साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चमूने याच खेळात सुवर्णपदक मिळवले, अश्वारोहणात एकेचाळीस वर्षांनी. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला ही त्या चौघांची नावे. हृदय तर आपल्या मुंबईचाच. युरोपात राहून या मुलांनी ही विद्या कमावली.

पण त्याच युरोपात या विद्येची दुसरी बाजूही आहे. ब्रिटनची शार्लट दुजार्डिन हिच्याकडे ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके. 2024 च्या जुलैत पॅरिसचे खेळ सुरू होण्याच्या तोंडावर तिने एकाएकी माघार घेतली. काही वर्षांपूर्वी एका शिष्येला शिकवीत असताना तिने लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर वारंवार फटके मारल्याचे चित्रण बाहेर आले होते. तिने चूक कबूल केली. जागतिक अश्वारोहण संघटनेने तिला वर्षभर खेळाबाहेर ठेवले आणि दहा हजार स्विस फ्रँक दंड केला. त्याआधी 2023 साली डेन्मार्कच्या दूरचित्रवाणीने अँड्रियास हेल्गस्ट्रँड या बड्या घोडेव्यापाऱ्याच्या तबेल्यातली छुपी चित्रे दाखवली होती. हा गृहस्थ स्वतः ऑलिंपिकपटू. घोड्याची हनुवटी ओढून छातीला टेकवायची, ही तर अनेकांची राजरोस रीत होती. बळजबरीने तसे करणे संघटनेने 2010 साली निषिद्ध ठरवले.

गंमत अशी की, बळजबरीने शिकवलेल्या घोड्यात सौंदर्य येत नाही, हे झेनोफन या ग्रीकाने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. नर्तकाला फटके मारून नाचवण्यासारखेच ते, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे घोडा शिकवणाऱ्याला शब्दच मुळी चाबुकस्वार! घोड्याचा वैद्य मात्र सालोत्री, शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला. एकाला ऋषीचे नाव, दुसऱ्याला चाबकाचे.

आमचे स्नेही इतके जाणकार कसे, याचे उत्तर त्यांच्या कन्येत आहे. मुलगी चौदा वर्षांची, तीन वर्षे घोड्यावर बसायला शिकते आहे. शिक्षक म्हणाले, "हिला आता स्वतःचा घोडा हवा. माझ्या पाहण्यात एक आहे." शर्यतीतून निवृत्त झालेला, तपकिरी, देखणा. किंमत साडेतीन लाख. स्नेह्यांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. घोडा आला, आठवडाभर झकास दुडकला आणि दहाव्या दिवशी पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. डॉक्टरांनी सांगितले, दुखणे जुने आहे. विक्रीच्या वेळी वेदनाशामकाखाली झाकले गेले असावे. फेनिलब्युटाझोनसारख्या औषधाने लंगडा घोडा काही काळ धडधाकट दिसतो. पुढे कळले की शिक्षकांनी विकणाऱ्याकडूनही दस्तुरी घेतली होती आणि यांच्याकडूनही 'निवडीचे' पंचवीस हजार.

आपल्या जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात; पण तो दलाल आहे हे निदान दोन्ही बाजूंना ठाऊक असते. इथे तो गुरू म्हणून उभा असतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्याने तर 2006 साली कायदाच केला, की लेखी संमतीवाचून घोड्याच्या व्यवहारात दोन्हीकडचा मध्यस्थ होता येणार नाही. आपल्याकडे असा कागद मागितला तर शिक्षक रागावतील, या भीतीनेच आईबाप गप्प बसतात. आमचे स्नेहीही बसले. मुलीचे शिक्षण त्यांच्याच हाती ना!

खरी परीक्षा पुढेच होती. शिक्षक म्हणाले, "काळजी करू नका, दुसरे गिऱ्हाईक पाहतो. दाखवायच्या दिवशी एक इंजेक्शन देऊ."

साडेतीन लाख म्हणजे थोडी रक्कम नव्हे. स्नेही मला म्हणाले, "प्रोफेसर, दोन रात्री झोपलो नाही. मनात आले, मला फसवले तेव्हा कोणी विचार केला?" तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मुलीच्या कानावर घातले. ती काही बोलली नाही. जरा वेळाने तिने एवढेच विचारले, "बाबा, त्या घरातही कोणी मुलगी असेल ना?"

घोडा विकला नाही. शिक्षक सोडले. बदलापूरच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर, दरमहा चारापाण्याचे पैसे देऊन, तो आता ठेवला आहे. त्याच्यावर कोणी बसत नाही. इतवारी सकाळी बापलेक अंबरनाथहून कर्जत लोकल धरतात. पिशवीत किलोभर गाजरे असतात. मागच्या रविवारी बदलापूरला मीही त्यांच्या डब्यात चढलो. मुलीने कुंपणापाशी उभे राहून हाक मारली, तसा तो लंगडतच, पण मोठ्या लगबगीने आला.